शांततेचं हार्ड बाइंडिंग

गावाकडून कुणी मित्र आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "एवढं जुनं, नावाजलेलं विद्यापीठाचं शहर. रात्री धमाल असेल ना रे?"

मी रात्री आठ वाजता त्याला विद्यापीठाच्या मोठ्या दरवाज्यापाशी नेऊन उभा करतो. दगडी रस्ता, पिवळे दिवे, भिंतींवर चढलेले वेल. जिवंत म्हणाल तर एक कुत्रं, तेही कुणाची तरी परवानगी घेतल्यासारखं हळू भुंकतं.

"माणसं कुठे गेली?" मित्र विचारतो.

"वाचतायत."

"सगळी?"

सगळी नाही. आणि सगळं भांडण तिथेच आहे. इथे वाचणारे जेवढे, तेवढेच त्यांचं धुणारे, शिजवणारे, झाडणारे आणि बांधणारे. वाचणाऱ्यांना रात्री शांतता लागते. दुसऱ्यांना काय लागतं हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर माझ्या आत्याने सांगितलं असतं, आणि चार गल्ल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं असतं.

आत्या बाइंडर आहे. मोठ्या दरवाज्याला लागून जी गल्ली खाली उतरते तिच्या मधोमध तिचं दुकान. खाली दुकान, वर दोन खोल्या. त्यातल्या एका खोलीत गेली चार वर्षं मी राहतो आणि दिवसभर विद्यापीठाच्या ग्रंथालयात, परत आलेली पुस्तकं घेण्याच्या खिडकीवर बसतो. आत्याची उंची बेताची, पण हात पैलवानाचे. खळ लावून लावून बोटं कायम पांढरट आणि चिकट. "काकूंशी हात मिळवला तर सोडवायला पाणी लागतं," असं हॉस्टेलचा इस्त्रीवाला म्हणतो. त्याला तसं म्हणायचा हक्क आहे. का, ते पुढे कळेलच.

तिचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे प्रबंध. विद्यार्थी पाच-पाच वर्षं लिहितो आणि आत्या ते तीन तासांत बांधून देते. "टिकतं ते माझंच," असं वर ऐकवते. आधी पानं जुळवायची, दाभणाने भोकं पाडायची, दोरा ओवायचा, मग हातोडीने ठोकून ठोकून पाठ गोल करायची, पुठ्ठ्याला रेक्झिन चढवायचं, आणि शेवटी पितळेचे अक्षरांचे खिळे तापवून पाठीवर सोनेरी अक्षरं उठवायची. शेवटचं काम गल्लीत ती एकटीच करते. कोपऱ्यावरच्या दोघा भावांचंही बाइंडिंगचं दुकान आहे, पण त्यांची खिळे तापवायची पट्टी केव्हाच जळली. तेव्हापासून अक्षरांसाठी ते आत्याकडेच पाठवतात. आणि सोनेरी अक्षरांशिवाय प्रबंध घ्यायचा नाही, असा विद्यापीठाचा नियमच आहे.

आत्याचाही एक नियम आहे. बांधायचं ते वाचायचं नाही. लग्न होऊन ती या दुकानात आली तेव्हा काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तिला पहिला धडा हाच दिला: वाचणारा बाइंडर उपाशी मरतो. एक ओळ वाचली की दुसरी वाचावीशी वाटते, हात थांबतो, खळ सुकते. म्हणून ती फक्त पानाचा कोपरा बघते. आकडा बरोबर, पान बरोबर. खिळेसुद्धा उलटे असतात, ओळ डोक्यावर उभी करून जुळवायची, त्यामुळे नावं तिला शब्द म्हणून दिसतच नाहीत. तिला दिसतं की तीन 'क' लागले, एक 'ज्ञ' लागला, 'ज्ञ' कुठे उलथला कोण जाणे. तिने हजारो प्रबंध बांधले असतील. विचारा, एक तरी कशावर होता? ती सांगेल, "जाड होता."

आता शनिवार. काका गेल्यानंतरच्या वर्षी कधीतरी आत्या एका शनिवारी संध्याकाळी रेडिओ लावून पुठ्ठे कापत होती. इस्त्रीवाला काही कामाला आला आणि दारातच ठेका धरून उभा राहिला. आत्या म्हणाली, "उभ्याने काय नाचतोस, आत ये." पुढच्या शनिवारी तो बायकोला घेऊन आला. त्याच्या पुढच्या शनिवारी हॉस्टेलच्या दवाखान्यातली नर्सबाई. मग उंदीरमामा. हे प्रयोगशाळेत उंदरांना खाऊ घालतात. त्यांनी भंगारातून स्पीकर जुळवला. होता होता वीस-पंचवीस माणसं जमायला लागली. खानावळीतल्या बायका, झाडूवाले, जिन्यांना पॉलिश करणारा. शनिवारी सातला टेबलं भिंतीला लावायची, कटिंग मशीनवर चादर टाकायची, आणि दहापर्यंत नाच. अकरा वर्षं.

नाच म्हणजे ज्याचा त्याचा. इस्त्रीवाला नाचतानाही उजवा हात पुढे-मागे करतो, जणू हवेला सुरकुत्या पडल्यात. नर्सबाई डोळे मिटून जागच्या जागी झुलते. उंदीरमामा पाय टाकताना आधी खाली बघतात. आणि आत्या नाचते ती रागावल्यासारखी, टाचा आपटत. काका गेले तेव्हा ती रडली नव्हती असं बाबा सांगतात. मी तिला शनिवारी पाहिलं आहे, त्यामुळे मला त्याचं नवल वाटत नाही. या माणसांकडे विद्यापीठाच्या एकूण एक खोल्यांच्या किल्ल्या असतात, आणि एकाही खोलीत बसायची सोय नसते. बसायचं, उठायचं, घामेजायचं ते इथेच.

मग वारसासर आले.

हे जुन्या इमारतींचे प्राध्यापक. विद्यापीठाच्या हद्दीतली जुनी वस्ती जपायची जी समिती आहे तिचे प्रमुख. वारसासर हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. ते इतकं हळू बोलतात की ऐकणाऱ्याला वाकावं लागतं, आणि मला वाटतं तेवढ्यासाठीच बोलतात. एका दुपारी ते छापलेल्या कागदांच्या सहा थप्प्या घेऊन दुकानात आले.

"काकू, अहवाल आहे. हिरव्या रेक्झिनमध्ये करा. जरा घरंदाज दिसला पाहिजे."

"पानं किती?"

"एकशे ऐंशी."

"झालं समजा."

'जुन्या वस्तीतील शांततेचे जतन' हे नाव आत्याने स्वतःच्या हाताने, एकेक खिळा उचलून जुळवलं. मी जिन्यावर होतो, मला आठवतं, ती कुरकुरली होती: "या लोकांना 'त' फार लागतो बाई." बस. त्यापलीकडे अहवालाशी तिचा संबंध नाही.

चौथ्या दिवशी सर न्यायला आले. पाच प्रती घेतल्या आणि सहावी टेबलावर ठेवली. "ही इथेच राहू दे, काकू. गल्लीतल्या कुणाला बघावीशी वाटली तर."

"राहू दे की," आत्या म्हणाली.

आता ताजं रेक्झिन चढवलेला पुठ्ठा सुकताना वाकतो. त्याच्यावर काहीतरी जड, सपाट आणि चारी कोपरे सरळ असलेलं ठेवावं लागतं. अहवाल जड होता, सपाट होता, आणि कोपरे तर खुद्द आत्याने कापलेले. महिनाभर तो पुठ्ठ्यांच्या छातीवर बसून होता.

महिना संपल्यावरच्या पहिल्या शनिवारी आठ वाजून दहा मिनिटांनी दारात विद्यापीठाचे दोन पहारेकरी आणि एक कारकून उभे राहिले. कारकुनाच्या हातात कागद.

"हे बंद करा," कारकून म्हणाला.

"काय बंद करू? गाणं की माणसं?" आत्याचा पाय अजून थांबला नव्हता.

"दोन्ही."

नर्सबाईने डोळे उघडले. "अहो, आठच वाजलेत. आमचे पेशंटसुद्धा या वेळी जागे असतात."

"पहिल्या तारखेपासून ही गल्ली शांतता क्षेत्र आहे. आठनंतर आवाज नाही, जमाव नाही."

"कुणी ठरवलं?" आत्याने विचारलं. आता पाय थांबला.

"अहवाल झालाय. महिनाभर हरकती मागवल्या होत्या. एकही आली नाही."

"मागवल्या कुठे? आकाशात?"

कारकून बिचारा नियमाने वागणारा. त्याने कागद दिव्याखाली धरला आणि वाचायला लागला. "'सदर अहवालाची प्रत गल्लीतील रहिवाशांच्या अवलोकनार्थ...'" तो अडखळला. वर दुकानाच्या पाटीकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. "'...येथील बाइंडरच्या दुकानात ठेवण्यात आली आहे.'"

उंदीरमामांनी स्पीकर बंद केला. सगळ्यांच्या माना एकदम कोपऱ्याकडे वळल्या. तिथे सात पुठ्ठ्यांवर हिरवा अहवाल होता, त्याच्यावर लोखंडी वजन, आणि सोनेरी अक्षरं आमच्याकडे तोंड करून चकाकत होती.

कुणी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. कुणी म्हटलं असतं, "काकू, महिनाभर डोळे कुठे होते?" तर आत्याने त्याची सात पिढ्यांची हजेरी घेतली असती आणि मोकळी झाली असती. पण कुणी चकार शब्द काढला नाही. एकेकाने चपला शोधल्या. इस्त्रीवाल्याच्या बायकोने जाताना टेबलं जागेवर लावून दिली. ती लावलेली टेबलं बघून आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लाव, लाव!" ती रिकाम्या दारावर ओरडली. "मयताच्या घरातून उठल्यासारखी उठून गेली सगळी!"

रविवारी सकाळी चहा न घेता तिने वजन बाजूला काढलं, अहवाल मांडीवर घेतला आणि पहिलं पान उघडलं. तिने बांधलेलं आणि तिनेच वाचलेलं ते पहिलं पुस्तक. ओळीखाली बोट, बोटाला खळ, त्यामुळे प्रत्येक पान उलटताना चर्र आवाज.

"'वस्तीतील सायंकालीन लोकजीवन नगण्य आहे.' नगण्य म्हणजे काय रे?"

"मोजण्यासारखं नाही असं."

"मोजायला आले होते का?"

मी मागची पानं चाळून बघितली. "आले होते. तीन मंगळवार आणि दोन गुरुवार."

"शनिवारी का नाही आले?"

"शनिवारी त्यांना सुट्टी असते, आत्या."

ती हसली नाही. मीही हसण्यासाठी सांगितलं नव्हतं. ज्यांना शनिवारी दुपारनंतर सुट्टी, त्यांनी लिहिलं की इथे संध्याकाळी कुणी नसतं. ज्यांना शनिवारी फक्त संध्याकाळ मिळते, ती माणसं नगण्य. एवढा साधा हिशोब बांधायला एकशे ऐंशी पानं आणि घरंदाज रेक्झिन लागलं.

सोमवारी आत्या वारसासरांच्या खोलीत गेली. मी रजा टाकून बरोबर गेलो, कारण तिला एकटीला पाठवणं सरांच्या तब्येतीला बरं नव्हतं. भिंतीभर पुस्तकं. निम्म्या पाठी आत्याच्या हातच्या.

"बसा काकू," सर म्हणाले. "मला तुमच्याबद्दल फार आदर आहे."

"आदर राहू द्या. शनिवार द्या."

सर हळू आवाजात समजावायला लागले. आत्या वाकली नाही, त्यामुळे त्यांनाच आवाज चढवावा लागला. "हे बघा, रात्रीच्या मौजेसाठी दुसरी शहरं आहेत. दीड तासावर तर आहे मोठं शहर. आपल्या शहराचा स्वभावच वेगळा आहे. शेकडो वर्षं इथे..."

"शेकडो वर्षांत इथे कुणी नाचलंच नाही?"

"तशी नोंद नाही."

"नोंद करणारे आठला झोपत असतील."

"काकू, हा थट्टेचा विषय नाही."

"मी कुठे थट्टा करतेय? इस्त्रीवाला दीड तास जाणार, नाचणार, दीड तास येणार, आणि पहाटे पाचला कोळसे पेटवणार. तुमच्या अंगातल्या सदऱ्याची घडी मग कोण घालणार, तुमचा वारसा?"

सरांनी सदऱ्याची बाही नकळत सारखी केली. "हरकत महिन्याच्या आत यायला हवी होती. आणि प्रत तर..." इथे ते हसले. मोठ्याने नाही, त्यांच्या पद्धतीने, ओठांच्या एका कोपऱ्यातून. "...तुमच्याच दुकानात होती."

ते हसले नसते तर आत्या कदाचित अर्ज-विनंत्या करत बसली असती. पण ते हसले. आत्या उठली, जिना उतरली, आणि खालच्या पायरीवर थांबून मला म्हणाली, "पान चौऱ्याऐंशी वाचलंस?"

नव्हतं वाचलं. तिने वाचलं होतं. तिथे आठनंतर काय काय चालणार नाही याची यादी होती: वाद्य, ध्वनिवर्धक, जमाव, यंत्र आणि हातोडी. हातोडी लिहिताना बहुतेक सुतार डोळ्यांपुढे असावा. प्रबंध आकाशातून बांधूनच पडतो अशी प्राध्यापकांची समजूत असते.

तीन आठवड्यांनी प्रबंध सादर करायची मुदत आली. मुदत सकाळी दहाची, पण मार्गदर्शक सह्या करतात शेवटच्या दोन-तीन संध्याकाळी, कारण त्याआधी करणं त्यांच्या इभ्रतीला शोभत नाही. त्यामुळे दर सहा महिन्यांनी त्या आठवड्यात या गल्लीत पहाटेपर्यंत हातोडी चालते. या वेळी आत्याने आठच्या ठोक्याला शटर ओढलं आणि बाहेर खडूने लिहिलं: शांतता क्षेत्र, पान ८४. कोपऱ्यावरचे दोघे भाऊ आधी खूश झाले. मग त्यांच्या लक्षात आलं की ठोकलं तर दंड, आणि न ठोकता बांधलं तरी सोनेरी अक्षरं आत्याकडेच.

पहिल्या दिवशी सहा जण परत गेले. दुसऱ्या दिवशी चौदा. मुदतीच्या आदल्या संध्याकाळी गल्लीत रांग लागली होती, आणि रांगेच्या पुढे एक मुलगी पायरीवर बसून रडत होती. प्रबंध छातीशी धरलेला, पानं सुटी.

"काकू, सरांनी आत्ता साडेसातला सही केली हो. मी काय करू?"

"माझ्यापुढे रडू नकोस!" आत्या अर्ध्या शटरखालून ओरडली. "त्या मोठ्या दरवाज्यातून आत जा आणि तिथे रड. रडायचा आवाज चालतो का विचार त्यांना!" आणि आत जाऊन तांब्याभर पाणी आणून तिच्यासमोर आदळलं. "पी. घसा सुकलाय."

मला राहवलं नाही. "आत्या, हिचा यात काय दोष?"

"काही नाही. माझा तरी काय दोष होता?"

"तू वाचलं नाहीस."

बोललो आणि जीभ चावली. आत्याने माझ्याकडे असं बघितलं की ग्रंथालयात दोन वर्षं उशिरा पुस्तक आणणाऱ्याकडेही मी तसं कधी बघितलं नसेल. "नाही वाचलं," ती म्हणाली. "आणि त्यांना माहीत होतं मी वाचत नाही. या गल्लीतल्या पोराटोरांना माहीत आहे. म्हणून तर माझ्याकडे ठेवलं." ही गोष्ट माझ्या डोक्यात तोवर आलीच नव्हती. खरी की खोटी, मला आजही सांगता येणार नाही. पण त्या क्षणापासून मला तिला गप्प करावंसं वाटलं नाही.

सव्वाआठला वारसासर आले, घाईघाईने, हातात लखोटा. रांगेने वाट दिली. रांगेत त्यांचेही दोन विद्यार्थी होते.

"काकू, झालं काम. सूट आणलीये. बघा, 'शैक्षणिक स्वरूपाच्या हातोडीस' आठनंतर परवानगी."

आत्याने कागद घेतला. शटरच्या फटीतून येणाऱ्या उजेडात, ओळीखाली बोट ठेवून, पुढची बाजू वाचली. मग उलटून मागची कोरी बाजूही बघितली. आणि कागद परत दिला. त्याला आता खळ लागली होती.

"यात शनिवार नाही."

"तो वेगळा विषय आहे."

"माझा तोच विषय आहे."

"अहो, चाळीस मुलांच्या वर्षाचा प्रश्न आहे!" सर ओरडले. खरंच ओरडले. आठनंतर, शांतता क्षेत्रात. रांगेतून कुणीतरी "श्श" केलं आणि दोघं-तिघं फिसकन हसले.

"हातोडी शैक्षणिक झाली ना?" आत्या म्हणाली. "मग ज्यांनी तुमचं शिक्षण धुतलं, शिजवलं, झाडलं, त्यांचा नाचही शैक्षणिक लिहा. पेन नसेल तर मी देते."

सर बाजूला जाऊन फोनवर बोलले. दोन फोन केले. परत आले, कागद शटरवर टेकवला आणि खाली हाताने लिहायला लागले. आत्या बाहेर येऊन त्यांच्या खांद्याआडून प्रत्येक शब्द वाचत होती. 'ग्रंथबांधणीशी संलग्न सांस्कृतिक उपक्रम, दर शनिवारी, सायंकाळी सात ते नऊ.'

"दहा," आत्या म्हणाली.

"नऊ. दहा माझ्या हातात नाही. देवाशपथ नाही."

आत्याने सरांकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, मग पायरीवरच्या मुलीकडे. ती रडायची थांबली होती आणि गुडघ्यावर पानांचे कोपरे जुळवत बसली होती, चुकीच्या बाजूने. तेवढं आत्याला बघवेना.

"आण इकडे," तिने तिच्या हातातून प्रबंध ओढला. "पाच वर्षं शिकलात आणि कागद धरता येत नाही." शटर वर गेलं.

पहाटेपर्यंत हातोडी चालली. आत्याची, आणि कोपऱ्यावरच्या दोघा भावांचीही. वारसासरांचं घर गल्लीच्या वरच्या टोकाला आहे. पण तो आवाज शैक्षणिक होता, त्यामुळे झोप चांगली लागली असणार.

नंतरच्या शनिवारी सातला टेबलं भिंतीला लागली, मशीनवर चादर पडली. माणसं आली, जरा बिचकत, दारातून आधी आत डोकावत. उंदीरमामांनी स्पीकर लावला. पहिल्या गाण्याला कुणी नीट नाचलं नाही. दुसऱ्याला इस्त्रीवाल्याचा हात सुटला. आणि तिसरं गाणं सुरू होता होता वारसासर पाच-सहा पाहुणे घेऊन आत आले. पाहुण्यांच्या गळ्यात ओळखपत्रं. मागून पहारेकरी घडीच्या खुर्च्या आणत होता.

"हा आपला जिवंत वारसा," सर पाहुण्यांना हळू आवाजात सांगत होते, आणि पाहुणे वाकून ऐकत होते. "ग्रंथबांधणीशी संलग्न पारंपरिक..."

खुर्च्या मांडल्या गेल्या. नर्सबाईने डोळे उघडले आणि ती नाचायची थांबली. इस्त्रीवाल्याने हात खिशात घातला. एका पाहुण्याने मोबाइल वर धरला.

आत्या टाचा आपटतच त्यांच्यासमोर गेली. "खुर्च्या कुणी मागवल्या?"

"काकू, हे बाहेरगावचे अभ्यासक. फक्त बघतील. त्रास नाही."

"बघायला मंगळवार-गुरुवार आहेत तुमचे. इथे नाचायचं असेल तर चपला काढा. नसेल तर दार तिकडे." आणि मोबाइलवाल्याला, "ओ, ते खाली घ्या. आम्ही काय उंदीर आहोत?"

"माझे उंदीर शिस्तीत असतात," उंदीरमामा पुटपुटले.

सर लालेलाल झाले. पाहुण्यांतली एक जाडसर बाई इकडे-तिकडे बघून खाली वाकली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. बाकीचे सरांच्या मागे बाहेर गेले. आत्याने त्यांच्या खुर्च्या एकेक करून गल्लीत फेकल्या. ठेवल्या म्हणणार होतो, पण खोटं कशाला लिहू?

मग मात्र नाच झाला. टाचांनी फरशी हलत होती. ती जाडसर बाई इस्त्रीवाल्याच्या बायकोचा हात धरून अशी काही उड्या मारत होती की खिळ्यांचा खण आपोआप वाजत होता.

नऊला पहारेकरी दारात आला. "काकू, वेळ झाली."

आत्याने स्वतः जाऊन स्पीकर बंद केला. सगळ्यांना धाप लागलेली, घाम गळत होता.

"जाऊ द्या काकू," इस्त्रीवाला सदऱ्याने तोंड पुसत म्हणाला. "दोन तास तर मिळाले."

"मिळाले?" आत्या गर्रकन वळली. "कुणी दिले? आपलेच होते. तीन होते. तीन काढून घेतले, दोन परत टाकले, आणि तू म्हणतोस मिळाले? तुझा सदरा कुणी नेला आणि बाही तेवढी आणून दिली तर मिळाली म्हणशील?"

सदऱ्याचं इस्त्रीवाल्याला पटतं.

माणसं पांगली. आत्या दारात उभी राहून रिकाम्या गल्लीकडे बघत राहिली. मोठ्या दरवाज्यापर्यंत पिवळे दिवे, आणि शुकशुकाट. वरच्या कुठल्यातरी खोलीत कुणीतरी खिडकी लावून घेतली.

"पुढची मुदत कधी आहे रे?" तिने विचारलं.

"सहा महिन्यांनी."

"त्या आठवड्यात मी आठला झोपणार. दहा वाजेपर्यंत नाचू देतो असं लिहून आणलं तरच उठेन."

"आणि पोरं रडत आली तर?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांना आत्तापासून सांग. वेळ आहे." आणि शटर ओढलं. इतक्या जोरात की पहारेकरी परत फिरला आणि बाहेरून, फटीत तोंड घालून, त्याने "श्श" केलं.

आत्याने शटर पुन्हा वर केलं, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली आदळलं.